रांग कुठवर आली, ते गिऱ्हाइकाला दिसू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नवी वेगवान गाडी बाजारात आली की बातमी ठरलेली असते: काही तासांत सगळी नोंदणी संपली. पाठोपाठ दुसरी बातमी येते की तीच गाडी जाहीर किमतीच्या दीडपट, दुप्पट भावाने हातोहात विकली जात आहे. दोन्हींचा खुलासा 'मागणी जास्त, पुरवठा कमी' एवढ्यावर उरकला जातो. आमच्या मते तो अर्धवट आहे. पुरवठा का कमी आहे, तो कमी ठेवायचे कोणी ठरवले आणि आलेल्या मोजक्या गाड्या कोणाच्या दारात कशा पोहोचतात, हे कळल्याशिवाय किमतीचे कोडे सुटत नाही. तुटवडा काही अंशी खरा असतो, काही अंशी ठरवून राखलेला असतो. पण गिऱ्हाइकाचे सर्वांत जास्त नुकसान होते ते रांग अंधारात ठेवल्याने, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

आधी खरा तुटवडा. अशा गाडीचा सांगाडा बऱ्याचदा नेहमीच्याच कारखान्यात तयार होतो. घोडे पेंड खाते ते दोन-तीन भागांपाशी. पहिला भाग इंजिन. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट झेड-०६ चे ५.५ लिटरचे, ६७० अश्वशक्तीचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन अमेरिकेतील केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन येथे हाताने जुळवले जाते. जर्मनीत अफाल्टरबाखला मर्सिडीज-एएमजीची 'एक माणूस, एक इंजिन' ही पद्धत प्रसिद्धच आहे. जुळणी करणाऱ्याच्या सहीची पट्टी त्या इंजिनावर बसते. असा कारागीर तयार व्हायला वेळ लागतो, आणि एका माणसाच्या हातून दिवसाला किती इंजिने होतील याला मर्यादा आहे. मागणी दुप्पट झाली म्हणून पुढच्या महिन्यात इंजिने दुप्पट होत नाहीत.

दुसरा भाग कार्बन-सिरॅमिक ब्रेकच्या चकत्या. कार्बनचे आखूड तंतू आणि राळ यांचे मिश्रण साच्यात दाबून आधी घट्ट करतात. मग ती चकती ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत तापवतात, म्हणजे राळेचा कार्बन होतो आणि अंगभर बारीक छिद्रे उरतात. शेवटी १,४०० अंश सेल्सियसच्या वर वितळलेले सिलिकॉन त्या छिद्रांत मुरवतात. तयार झालेली चकती इतकी कठीण असते की घासायला हिऱ्याची हत्यारे लागतात. या कामात घाई चालत नाही. भट्टी भराभर तापवली तर आतला वायू बाहेर पडताना चकतीला तडे जातात आणि कित्येक दिवसांची मेहनत भंगारात जाते. जगात हे काम मोठ्या प्रमाणावर करणारे पुरवठादार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि एकाच पुरवठादाराच्या भट्टीपुढे अनेक कंपन्या उभ्या असतात. त्यामुळे गाडी तयार करायची क्षमता असूनही चार चकत्यांसाठी ती ऑर्डर पुढे ढकलली जाते. कार्बनची चाके आणि खास रंग यांचेही असेच होते.

आता ठरवून राखलेला तुटवडा. वेगवान गाडीची मागणी वर्षभर सारखी नसते. पहिल्या दीड-दोन वर्षांत झुंबड उडते, नंतर हौशी गिऱ्हाईक संपते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच गाडीवर सूट देण्याची वेळ येऊ शकते. झुंबडीच्या हिशेबाने दुसरी पाळी सुरू केली, यंत्रे घेतली, तर पुढे ती रिकामी पडतात. म्हणून कंपनी मॉडेलच्या पूर्ण आयुष्याची सरासरी धरून क्षमता ठरवते आणि पहिली दोन वर्षे रांग लागू देते. यात अप्रामाणिक काही नाही. शिवाय वापरलेल्या गाडीचा भाव टिकला की नव्या गाडीचा भाडेहप्ता (गाडी विकत न घेता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतल्यावर भरायचा हप्ता) कमी बसतो, कारण मुदतीअखेर गाडीची किंमत काय उरेल त्यावरच हप्ता निघतो. बाजारात गाड्या ओतल्या तर ही उरलेली किंमत घसरते आणि आधीच्या गिऱ्हाइकालाही झळ बसते.

युरोपात आणखी एक अडचण आहे. तिथे कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनाची (दर किलोमीटरला किती ग्रॅम) सरासरी काढतात. ती ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली तर दर ग्रॅममागे ९५ युरो दंड, आणि तोही त्या वर्षी नोंदवलेल्या प्रत्येक गाडीगणिक. एका तापट इंजिनाच्या गाडीचे पाप अशा रीतीने साध्या गाड्यांच्याही माथी बसते. त्यामुळे विकायला गिऱ्हाईक असूनही कंपनी युरोपाचा कोटा आखडता ठेवते.

पण 'इतक्याच गाड्या' हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. फेरारीचे उदाहरण बोलके आहे. २०१३ मध्ये कंपनीने वर्षाला सात हजारांच्या आतच गाड्या विकायचे जाहीर केले आणि त्या वर्षी ६,९२२ गाड्या दिल्या. २०१९ मध्ये आकडा दहा हजारांच्या पुढे गेला, २०२४ मध्ये १३,७५२ झाला. अकरा वर्षांत जवळपास दुप्पट गाड्या विकूनही रांग हटली नाही आणि किमतीही उतरल्या नाहीत. पुरोसांग्वे या चार दारांच्या गाडीचा वाटा एकूण विक्रीच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी ठेवायचा, हेही त्यांनी आधीच ठरवून सांगितले. मर्यादा कंपनीने स्वतः आखलेली असते आणि ती हलवताही येते. ती स्पष्ट सांगितली की निदान गिऱ्हाइकाला हिशेब करता येतो.

खरी मेख आहे वाटपात. अमेरिकेत रूढ असलेली पद्धत सांगायची तर 'विका आणि मिळवा'. ज्या विक्रेत्याने आधीच्या काळात त्या घराण्याच्या जास्त गाड्या विकल्या, त्याला नव्या गाडीचा वाटा जास्त. झेड-०६ चा कोटाही साध्या कॉर्व्हेटच्या विक्रीवरच ठरला. समजा, वर्षाला १,२०० गाड्या होणार आहेत आणि विक्रेते ३०० आहेत. समान वाटप केले तर प्रत्येकी चार. विक्रीच्या प्रमाणात केले तर पहिल्या तीस विक्रेत्यांकडे प्रत्येकी वीस जाऊ शकतात आणि उरलेल्या २७० जणांत सहाशे, म्हणजे सरासरी दोनाला थोड्या जास्त. आता वर्षाला दोन गाड्या मिळणाऱ्या विक्रेत्याकडे तुमचा क्रमांक नववा असेल, तर गाडी पाचव्या वर्षी येणार. तोवर मॉडेलच बंद झालेले असेल. मोठ्या विक्रेत्याकडे तोच नववा क्रमांक सहा महिन्यांत लागतो. म्हणून 'माझा नंबर कितवा' या प्रश्नाला एकट्याने अर्थ नाही. त्याच्या जोडीला 'तुमचा वर्षाचा कोटा किती' हे विचारलेच पाहिजे. आणि नेमके हेच गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही.

लहान विक्रेत्याची बाजूही समजून घ्यायला हवी. वर्षाला दोनच गाड्या येणार म्हटल्यावर पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकाची त्याला पर्वा उरत नाही. दोन गाड्यांवर जितके काढता येईल तितके तो काढतो. वीस गाड्या मिळणाऱ्याला मात्र नाव राखायचे असते, म्हणून जाहीर किमतीला विकणारे बरेचदा मोठेच विक्रेते असतात. वाटपाची पद्धत किमतीवर परिणाम करते तो असा.

ऑर्डर दिली म्हणजे गाडी तयार होऊ लागली, असेही नव्हे. जनरल मोटर्सच्या (शेव्हरोले हे याच कंपनीचे नाव) ऑर्डरींना टप्प्यांचे आकडे असतात आणि ते माहीत असले की फसगत टळते. ११०० म्हणजे विक्रेत्याने संगणकात कच्ची नोंद टाकली. २००० म्हणजे कंपनीने ऑर्डर स्वीकारली. ३००० ला ती उत्पादन नियोजनात गेली, ३३०० ला आठवडा ठरला, ३४०० ला कारखान्याकडे रवाना झाली. ३८०० म्हणजे गाडी तयार, ४२०० म्हणजे निघाली, ५००० म्हणजे विक्रेत्याकडे पोहोचली आणि ६००० म्हणजे गिऱ्हाइकाच्या ताब्यात. विक्रेता 'तुमची ऑर्डर सिस्टीममध्ये आहे' म्हणतो तेव्हा ती बहुधा ११०० वर असते. कोटा नसताना अशा कितीही नोंदी करता येतात. त्यांना उत्पादनाच्या दृष्टीने काडीची किंमत नाही. कोटा असूनही ऑर्डर अडते ती टंचाईच्या भागामुळे. खास ब्रेक, कार्बनची चाके आणि कार्बनचा पंख (गाडीच्या मागे हवेचा दाब घेणारी आडवी पट्टी) हे तिन्ही मागितले असतील, तर तिन्ही एकाच आठवड्यात मोकळे असायला हवेत. त्यातला एक काढला की ऑर्डर पुढे सरकण्याची शक्यता वाढते. मात्र हा बदल ऑर्डर उत्पादनात जाण्यापूर्वीच करावा लागतो. नंतर यादी गोठते.

आता किंमत. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर छापील पट्टी लावणे बंधनकारक झाले. मूळ किंमत, प्रत्येक जादा भागाची किंमत, वाहतूक खर्च आणि शेवटी बेरीज, असे सगळे तीवर असते. तो कायदा आणणारे सिनेटर माइक मनरोनी यांच्याच नावाने ती ओळखली जाते. झुंबडीच्या काळात तिच्या शेजारी विक्रेत्याची दुसरी पट्टी चिकटते. तीवर रंगावरचा लेप, टायरमध्ये नायट्रोजन, चाकांना कुलुपे, आणि सर्वांत खाली 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट' नावाची ठोक रक्कम. पहिल्या पट्टीतल्या प्रत्येक ओळीमागे एखादी वस्तू किंवा सेवा असते. दुसरीतल्या शेवटच्या ओळीमागे काहीही नसते.

यावर कंपन्यांचे ठरलेले उत्तर असे: विक्रेते स्वतंत्र व्यावसायिक आहेत, आम्ही फक्त किंमत सुचवतो. हे खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. युरोपीय संघाचे स्पर्धा नियम विक्रेत्यावर ठरावीक किंवा किमान किंमत लादायला मनाई करतात. कमाल किंमत घालून द्यायला मात्र मुभा देतात, ती आडवाटेने ठरावीक किंमत होत नसेल तर. म्हणजे गिऱ्हाइकाचे संरक्षण करणारी मर्यादा तिथे कायद्यात बसते. अमेरिकेत राज्याराज्यांच्या फ्रँचायझी कायद्यांमुळे (कंपनी आणि विक्रेते यांचे संबंध ठरवणाऱ्या कायद्यांमुळे) कंपनीचे हात जास्त बांधलेले आहेत, हे मान्य. तरीही डॉज या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये वाट काढून दाखवली. तिच्या चॅलेंजर एसआरटी डीमन या वेगवान गाडीच्या फक्त ३,३०० गाड्या निघणार होत्या, ३,००० अमेरिकेसाठी आणि ३०० कॅनडासाठी. विक्रेत्याने किती घ्यावे हे डॉजने ठरवले नाही. जाहीर किमतीला किंवा त्याखाली विकलेल्या गाड्या आधी तयार होतील, जास्त भावाच्या नंतर, एवढेच सांगितले. विक्रीचे स्वातंत्र्य अबाधित राहिले आणि जास्त भाव मोजणारा आपोआप रांगेच्या शेवटी गेला. वाटपाची किल्ली कंपनीच्या हातात असते आणि ती अशी फिरवता येते. बाकीच्यांनी ती का फिरवू नये, हा आमचा प्रश्न आहे.

पुनर्विक्री रोखण्याच्या अटींबद्दल मात्र आमचे मत बरे नाही. फोर्डने २०१६ मध्ये आपल्या जीटी या वेगवान गाडीसाठी अर्ज मागवले. पहिल्या ५०० गाड्यांसाठी ६,५०६ अर्ज आले. निवड झालेल्याने २४ महिने गाडी विकायची नाही अशी अट होती. एका नामवंत कुस्तीगीर-अभिनेत्याने गाडी लवकर विकली म्हणून कंपनीने २०१७ मध्ये दावा लावला. त्याचा बचाव असा की विक्रेत्याशी झालेल्या अंतिम करारात ती अट नव्हतीच. २०१८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. यातला कच्चा दुवा कोणत्याही अशा अटीला लागू आहे: कंपनी अट घालते, पण खरेदीचा करार विक्रेत्याशी होतो. दोन्ही कागदांत तेच वाक्य नसेल तर अट लुळी पडते. जनरल मोटर्सने २०२२ मध्ये झेड-०६ साठी दोन उपाय केले. वर्षभर गाडी राखणाऱ्याला पाच हजार डॉलरच्या मोलाचे गुण देऊ केले, आणि वर्षाच्या आत विकली तर वॉरंटीचे काही भाग पुढच्या मालकाला मिळणार नाहीत असे जाहीर केले. पहिला उपाय आम्हाला पटतो. दुसऱ्यात शिक्षा भलत्यालाच होते, कारण नफा घेऊन विकणारा मोकळा सुटतो आणि बिघाडाचा खर्च दुसऱ्या मालकाच्या गळ्यात पडतो. पोर्शने आपल्या ९११ एस/टी या गाडीसाठी अमेरिकेत वेगळी युक्ती केली: पहिले वर्ष गाडी भाड्याने, मालकी नंतर. जी गाडी नावावरच नाही ती विकणार कशी? कायद्याच्या दृष्टीने हा मार्ग जास्त पक्का आहे.

पण सट्ट्यावर सर्वांत जालीम औषध पुरवठाच आहे, हे पोर्शनेच आधी दाखवून दिले होते. २०१६ मध्ये ९११ आर आली: चार लिटरचे इंजिन, हाताने गिअर टाकायची पेटी, फक्त ९९१ गाड्या. पोर्शच्याच ९१८ स्पायडर या महागड्या गाडीच्या मालकांना पहिला मान मिळाला. गाड्या पोहोचतात न पोहोचतात तोच त्यांचे भाव जाहीर किमतीच्या कित्येक पट झाले. २०१७ मध्ये कंपनीने ९११ च्या नव्या जीटी३ आवृत्तीला हाती गिअरपेटी परत दिली आणि त्याच वर्षी मोठा पंख नसलेली टूरिंग आवृत्ती आणली, संख्येची मर्यादा न घालता. लोकांना ९११ आरमध्ये जे हवे होते त्यातले बरेचसे आता सरळ मार्गाने मिळू लागले आणि ९११ आरचे भाव खाली आले. नोटिसा नाहीत, दावे नाहीत.

अनामत रकमेच्या बाबतीत जग्वार एक्सजे२२० या वेगवान गाडीचा धडा जुना असला तरी आजही लागू आहे. १९८८ मध्ये दाखवलेल्या नमुन्यात व्ही-१२ इंजिन होते आणि चारही चाकांना ताकद मिळत होती. ५०,००० पौंडांची अनामत भरायला लोकांची रीघ लागली. त्यांत गाडी चालवणाऱ्यांइतकेच पुढे विकून नफा कमावू पाहणारेही होते. १९९२ मध्ये गाडी आली तेव्हा व्ही-६ इंजिन आणि फक्त मागच्या चाकांना ताकद. किंमत महागाईशी जोडलेली असल्याने वाढत गेलेली, आणि तोवर बाजार कोसळलेला. करारातून सुटण्यासाठी काहींनी कोर्ट गाठले. ३५० गाड्यांची मर्यादा घातली होती, प्रत्यक्षात ३०० सुद्धा झाल्या नाहीत. अनामतींची संख्या म्हणजे मागणी नव्हे. अनामत परत मिळण्यासारखी असेल तर एकच माणूस पाच विक्रेत्यांकडे नाव घालतो आणि रांग पाचपट फुगते. ती अजिबात परत न मिळणारी असेल तर कंपनीने गाडीत बदल केला की भांडण अटळ. यातून मार्ग आहे: ऑर्डर गोठेपर्यंत अनामत पूर्ण परत मिळावी, आणि एका व्यक्तीला एकच नोंदणी, सगळ्या विक्रेत्यांमध्ये मिळून. टोयोटाने जपानमध्ये जीआर कोरोला या वेगवान गाडीच्या आरझेड आवृत्तीच्या ५०० आणि मोरिझो आवृत्तीच्या ७० गाड्या सोडतीने दिल्या. सोडतीत जुन्या ओळखीला आणि जाड पाकिटाला किंमत राहत नाही, म्हणून आम्हाला ती पद्धत न्याय्य वाटते.

उलट्या बाजूची चूकही नोंदवायला हवी. लेक्सस (टोयोटाचेच महागड्या गाड्यांचे नाव) एलएफए या वेगवान गाड्या २०१० ते २०१२ या काळात फक्त ५०० तयार झाल्या. अमेरिकेत ती ३,७५,००० डॉलरला होती आणि सट्टा होईल या भीतीने सुरुवातीला भाडेकरारावरच देऊ केली. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. उत्पादन थांबून चार-पाच वर्षे झाली तरी काही नव्या कोऱ्या गाड्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे उभ्या होत्या. आज त्याच गाडीला तेव्हाच्या किमतीहून कितीतरी जास्त भाव आहे. मागणी किती टिकेल याचा अंदाज कंपनीलाही नेमका बांधता येत नाही. म्हणूनच पहिल्या वर्षीच्या झुंबडीत वरचे पैसे मोजणाऱ्याने तेवढे पैसे परत येतील हे गृहीत धरू नये.

बिल फुगवण्याचा आणखी एक रस्ता फारसा चर्चेत येत नाही. जाहीर किंमत तशीच राहते, पण जादा भागांनी भरलेल्या ऑर्डरी आधी उचलल्या जातात, कारण त्यांतच नफा जास्त असतो. काही ठिकाणी तर हवी ती गाडी मिळण्याआधी घराण्यातल्या कमी खपाच्या एक-दोन गाड्या घ्याव्या लागतात. त्या विकताना झालेला तोटा हीच हव्या त्या गाडीची लपलेली जादा किंमत. कंपनीला निष्ठावंतांना झुकते माप द्यायचे असेल तर खुशाल द्यावे, पण निकष छापून द्यावा: किती गाड्या, किती वर्षांत, आणि त्यानंतर क्रमांक नक्की लागणार की नाही. तोंडी आश्वासनावर दोन गाड्या घेऊन बसलेल्या माणसाला दाद मागायला जागा नसते.

कंपन्यांकडे आमची मागणी मोठी नाही. वर्षाला किती गाड्या, कोणत्या विक्रेत्याला किती, आणि सध्या कोणत्या भागाची टंचाई, एवढे दर तिमाहीला जाहीर व्हावे. ऑर्डरचा टप्पा गिऱ्हाइकाला थेट कंपनीकडून कळावा, विक्रेत्याच्या तोंडून नव्हे. ही सगळी माहिती कंपनीच्या संगणकात रोजच्या रोज असतेच. ती बाहेर आणायला नवा कारखाना उभारावा लागत नाही.

तोवर गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एका कागदावर पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: गेल्या वर्षी या मॉडेलच्या किती गाड्या मिळाल्या, यंदाचा कोटा कंपनीने कळवला आहे का, माझ्या पुढे किती नावे आहेत, सर्व आकारांसह अंतिम रक्कम किती, मध्येच किंमत वाढली तर वाढ कोणी सोसायची, आणि अनामत कोणत्या टप्प्यापर्यंत परत मिळेल. यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून द्यायला जो विक्रेता तयार नसेल, त्याच्या यादीतला पहिला क्रमांकही घेऊ नये.

आपले,
वाहन उद्योगाचे अभ्यासक